खिडकी बंद करून बघ

मंगळवारी सकाळी तक्रारींच्या यादीत सतरा तक्रारी होत्या, आणि सोळा वाचून होईपर्यंत तिचं सगळं नेहमीसारखं चाललं होतं. कोणी पासवर्ड विसरलं होतं, कोणाच्या छापील पानाची उजवी कड कापली जात होती, एकानं तर नोंद सेव्ह होत नाही म्हणून चार ओळी आगपाखड केली होती आणि पाचव्या ओळीत सेव्हचं बटण नक्की कुठे असतं असं विचारलं होतं. ही सगळी माणसं पाणीखात्याची, धरणांवरची आणि तलावांवरची. दिवसातून दोनदा पायऱ्या उतरून पाण्यापाशी जायचं, उभ्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते वाचायचं आणि वर येऊन तो आकडा कॉम्प्युटरवर एका पानात भरायचा, एवढं त्यांचं काम. ते पान चालतं ठेवणं हे तिचं काम, गेली चौदा वर्षं. सतरावी तक्रार नव्व्याण्णव नंबरच्या केंद्राची होती. नवा कॉम्प्युटर मिळाला, चांगला आहे, असं आधी रीतसर लिहून मग पुढे लिहिलं होतं, ‘परंतु संध्याकाळची नोंद भरताना जो निरोप येत असे तो आता येत नाही. नऊ वर्षे नियमित येत होता. तरी कृपया पूर्ववत चालू करावा.’ खाली टीम लीडरचा शेरा होता. हा टीम लीडर तिच्याहून सोळा वर्षांनी लहान आणि तिला ताई म्हणणारा. सगळा कोड शोधला, असा कुठलाही निरोप आपल्याकडे नाही, युजरचा गैरसमज दिसतो, ताई, बंद करू का तक्रार? तिनं ‘कर’ असं टाइपही केलं होतं. मग कुणास ठाऊक का, ते पुसून तिनं फोन उचलला.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईंचा दमलेला आवाज आला. पायऱ्या चढून आल्या असाव्यात.

“कॉम्प्युटरच्या ऑफिसमधून बोलतेय. निरोप येत नाही म्हणून तुमची तक्रार होती.”

“अगं बाई, फोन केलात तुम्ही? मला वाटलं, कोण वाचतंय. हो, येत नाही. नवीन मशीन आल्यापासून एकदाही नाही.”

“काय निरोप असायचा? साधारण आठवतो का?”

“साधारण कशाला, रोजचा आहे. चहा गार होतोय. येतेस का? बास, एवढंच.”

तिच्या हातातला माउस टेबलाच्या कडेपर्यंत घसरत गेला आणि तिथे थांबला.

“हॅलो? लाइन गेली वाटतं.”

“नाही, आहे मी. कधी यायचा हा?”

“चारनंतर. सकाळी कधीच नाही. संध्याकाळचा आकडा भरून बटण दाबलं की मध्ये चौकट यायची. मी म्हटलं, बघा, खात्याला एवढं कळतं. इथे मी एकटीच असते हो, मला कोण म्हणणार चहाला चल म्हणून?”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार, जायचे. चहा टाकायचे, प्यायचे आणि मग येऊन ओके दाबायचे. आधीच दाबलं तर खोटं बोलल्यासारखं नाही का होत?”

बघते, करते काहीतरी, असं म्हणून तिनं फोन ठेवला. चहाचं ते वाक्य तिनं ऐकलेलं होतं. ह्याच शब्दांत, ह्याच क्रमानं, दोन वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून रोज, दुपारी चार वाजता. शेजारच्या टेबलावरून एक माणूस उठायचा, तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, चहा गार होतोय, येतेस का? चहा तेव्हा खाली कँटीनमध्ये कपात ओतलेलाही नसायचा. गार कुठला व्हायला! पण तो असंच म्हणायचा आणि ती रोज म्हणायची, पाच मिनिटं. ऑफिसात त्याला सगळे अर्धविराम म्हणत. लोक कोडमध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला विसरत आणि हा दुसऱ्यांच्या फाइली उघडून न विचारता ते घालत बसे, म्हणून. बोलण्यातही त्याचं तसंच होतं. वाक्य अर्ध्यावर आणून सोडायचं आणि पुढचं समोरच्यानं समजून घ्यावं अशा आशेनं बघत राहायचं. तिला पुढचं नेहमी समजायचं. समजलं नाही ते फक्त एकदाच, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही समजलं होतं.

त्या दिवसांत त्या दोघांमध्ये तिसरं कोणी होतं तर तो जुना ब्राउझर. खात्याच्या सगळ्या मशीनवर तोच होता आणि तो बदलायला खातं तयार नव्हतं. बाकीच्या ब्राउझरांत लोण्यासारखं चालणारं पान इथे आलं की आडवं पडायचं. यादीतल्या शेवटच्या नावानंतर चुकून एक स्वल्पविराम राहिला तर दुसरा कुठलाही ब्राउझर तिकडे काणाडोळा करी, हा मात्र सगळं पान पांढरंफटक करून बसे. चूक कुठे आहे ते सांगायची त्याची तऱ्हाही न्यारी. ओळ एक, ऑब्जेक्ट हवा, एवढंच सांगायचा, आणि पहिल्या ओळीत पाहावं तर तिथे काहीच नसायचं. नाकी नऊ यायचे. मग दोघं खुर्च्या जोडून बसत आणि कोडमध्ये जागोजागी अलर्ट पेरत. अलर्ट म्हणजे ती छोटी चौकट, जी मध्येच उगवते, आपलं म्हणणं सांगते आणि ओके दाबेपर्यंत मागचं काहीएक पुढे सरकू देत नाही. पहिल्या चौकटीत ‘एक’ लिहायचं, पुढे ‘दोन’, त्यापुढे ‘तीन’. दोन दिसलं आणि तीन दिसलं नाही, तर चूक त्या दोघांच्या मध्ये. अर्धविरामाला आकड्यांचा कंटाळा यायचा. तो लिहायचा, ‘इथपर्यंत आलो’, ‘अजून जिवंत’, ‘पुढे खड्डा आहे, जपून’. काम झालं की ह्या चौकटी आठवणीनं काढायच्या असतात. एकदा एक राहिली आणि खात्याच्या बड्या साहेबांसमोर भर प्रात्यक्षिकात पडद्यावर आलं, ‘सोडव रे बाबा’. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, हे कोणाला उद्देशून आहे? त्या दिवशी चहा पिताना ती इतकी हसली होती की बरगड्या दुखल्या. अजूनही कुठे ओके दिसलं की कधीकधी तिच्या बरगड्यांत ते हसू जागं होतं, आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागत नाही.

आणि मग तो बग आला. केंद्रांवरून फोन यायला लागले की संध्याकाळची नोंद सेव्ह होत नाही. ह्या दोघांनी इथे जुन्या मशीनवर पान उघडलं, खरंच होईना. मग का होत नाही ते बघायला कन्सोलची खिडकी उघडली. कन्सोल म्हणजे पानाच्या तळाशी उघडणारी ती पट्टी, जिथे पान आपली दुखणी बोलून दाखवतं. ती उघडल्याबरोबर नोंद निमूट सेव्ह झाली. बंद केली, होईना. उघडली, झाली. आपण बघत असलो की शहाण्यासारखं वागणारं आणि पाठ फिरवली की अडणारं असं ते पान, आणि तीन दिवस दोघं त्याच्यापुढे हात टेकून बसलेली. चौथ्या दिवशी अर्धविरामाला उलगडलं. त्या ब्राउझरात कन्सोल नावाची वस्तू खिडकी उघडल्यावरच जन्माला यायची. कोडमध्ये तपासताना लिहिलेल्या ओळी राहून गेल्या होत्या, त्या कन्सोलशी बोलायला जायच्या, आणि खिडकी बंद असली की तिथे कोणी नसायचंच. मग पान तिथेच थांबायचं. इथे ऑफिसात खिडकी कायम उघडी, कारण इथली माणसं चुका शोधणारी. लोकांकडे कायम बंद. तेव्हापासून तो तिला सांगायचा, सगळं झालं ना, की शेवटी एकदा खिडकी बंद करून बघ. लोक बघतात तसं. ती हो म्हणायची आणि बघायची नाही. खिडकी बंद केली की तिला आंधळं झाल्यासारखं वाटायचं. काही बिघडलं तर कळणार कसं, असा तिचा एक जुनाच स्वभाव होता, आणि तो फक्त कामापुरता नव्हता.

बग सापडला म्हणजे संपला असं नव्हतं. शंभरावर फाइलींतून त्या ओळी वेचून काढायच्या होत्या आणि ते काम तिनं अंगावर घेतलं. त्याच आठवड्यात एक दिवस कँटीनमध्ये अर्धविरामानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “तिकडची ऑफर आलीय. खूप लांब आहे. पण त्यांना दोन माणसं हवीत. म्हणजे मी म्हटलं त्यांना, की आमच्याकडे…” आणि नेहमीप्रमाणे तिथे थांबला आणि बघत राहिला. पुढचं वाक्य तिच्या समोर स्वच्छ होतं. त्यात नुसती नोकरी नव्हती हेही तिला कळत होतं. तिनं कपातल्या चहाकडे बघितलं आणि म्हणाली, “हे एवढं होऊ दे. मग बोलू.” एवढं म्हणजे तो बग. नाही म्हणायचं नव्हतं तिला, हो म्हणायचं होतं. पण हो म्हणायच्या आधी हातातलं काम संपवावं, टेबल आवरावं आणि मग नीट बसून म्हणावं असं तिला वाटत होतं. कोणाला असं वाटू नये का? तो रोज चारला येत राहिला, ती पाच मिनिटं म्हणत राहिली, आणि पाच मिनिटांचे साडेपाच वाजत राहिले. आठ-दहा दिवसांनी तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून हसत म्हणाला, “आता मी नाही बोलावणार. आता मशीन बोलावेल तुला. काम झालं की खिडकी बंद करून बघ.” रुसलाय, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि पुढची फाइल उघडली.

त्यानंतर त्यानं खरंच कधी बोलावलं नाही. चार वाजले की उठून खाली जायचा. ती मान वर करायची नाही, पण खुर्ची सरकल्याचा आवाज तिला कळायचा. निघायच्या आदल्या दिवशी तो तिच्या टेबलाशी आला, तिच्या पडद्याच्या तळाशी बघितलं आणि विचारलं, “अजून उघडीच?” तिला वाटलं, फाइल. ती म्हणाली, “हं.” तो म्हणाला, “असू दे.” एवढ्यावर ते संपलं. पुढच्या आठवड्यात ती एकटी कँटीनमध्ये गेली तेव्हा काउंटरवरचे काका म्हणाले, साहेब गेले वाटतं, शेवटी शेवटी रोज दोन कप घ्यायचे. कोणासाठी, हे तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, कोणीतरी भेटली असेल. अकरा वर्षं तिला हेच वाटत आलं होतं, की त्यानं अर्धं विचारलं, तिनं जरा थांब म्हटलं, आणि तेवढ्यात तो दुसऱ्याच कोणाबरोबर चहा प्यायला लागला. त्या समजुतीवर तिनं नंतरचं बरंच काही उभं केलं होतं. आलेली दोन स्थळं नाकारली ती त्यावर, माणसांना पटकन ओळखते असा आब मिरवला तोही त्यावरच. चारचा चहा तर तिनं कायमचाच सोडला. डोकं दुखतं म्हणून, असं ती सांगायची.

फोन ठेवल्यावर तिनं ती फाइल उघडली. कुठली ते शोधावं लागलं नाही. कन्सोल जागेवर नसला तर एक रिकामा कन्सोल बनवून ठेवणारी ती चिमुकली फाइल, अर्धविरामानंच लिहिलेली. नव्या ब्राउझरांत कन्सोल कायम असतो, त्यामुळे ती फाइल आता नुसती पडून होती आणि ह्या शुक्रवारी जुन्या ब्राउझरसाठीच्या सगळ्या ठिगळांबरोबर तीही काढून टाकायची होती. टीम लीडरला निरोप सापडला नाही ह्यात नवल नव्हतं. त्या काळी कोडमध्ये मराठी अक्षरं सरळ लिहिली तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटायची, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा नंबर लिहायचा रिवाज होता. शब्द शोधायला गेलं तर सापडणार कसा? ती नंबरांची ओळ तिनं शेकडो वेळा पाहिली होती. चूक दाखवणारा कुठलातरी संदेश असेल म्हणून तिची नजर त्यावरून नेहमी पुढे जायची. आज तिनं एकेक नंबर कागदावर उतरवला आणि शेजारी अक्षर लिहिलं. च. मग ह, मग काना. तिसऱ्या अक्षरानंतर लिहायची गरज नव्हती, तरी तिनं प्रश्नचिन्हापर्यंत सगळं लिहिलं. वर अट होती. कन्सोल नसेल, आणि चार वाजून गेले असतील, आणि केंद्र नव्व्याण्णव असेल, तरच. नव्व्याण्णव नंबरचं केंद्र तेव्हा जगात नव्हतं. केंद्रं होती ऐंशी. हा नंबर त्या दोघांनी चाचणीसाठी बनवला होता, खोट्या पाण्याचे खोटे आकडे भरायला, आणि तो वापरत होती फक्त ती. पुढे खातं केंद्रं वाढवत गेलं, आणि एक दिवस एक खऱ्या बाई त्या खोट्या नंबरावर येऊन बसल्या.

कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली ते दाखवणारी एक सोय असते. तिला ह्या धंद्यात ब्लेम म्हणतात, कारण ती बहुधा कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच उघडली जाते. तिनं ती उघडली. ओळीशेजारी त्याचं नाव आलं, पूर्ण नाव, जे ऑफिसात कोणी घेत नसे, आणि तारीख. तो गेला त्याच्या नऊ दिवस आधीची. नऊ दिवस तो चारला खाली जाऊन दोन कप घेऊन बसला होता. नऊ दिवस वर मशीन तिला विचारायला तयार होतं आणि तिनं एकदाही खिडकी बंद केली नव्हती. वर तिनंच ते पान ‘तपासले, चालते’ असा शेरा मारून खात्याकडे पाठवलं होतं. शेऱ्याखाली तिचं नाव होतं. तिनं ब्लेम बंद केलं आणि उठून बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

घरी थोरली बहीण होती. दोघी एकत्र राहत. बहीण एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि घरीही प्रत्येक गोष्ट उजेडात धरून बघितल्याशिवाय बोलायची नाही. ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. हिनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

“तुला तो आठवतो का गं?”

“कोण, तुझा अर्धविराम? त्याला काय झालं?”

“काही नाही. तो विचारून गेला होता.”

बहिणीनं घडी तशीच हातात धरली. हिनं सगळं सांगितलं, बाईंच्या फोनपासून दोन कपांपर्यंत. बहीण आधी हसली, मग हसायची थांबली. “अगं पण तोंड होतं ना त्याला? सरळ तोंडानं विचारायचं.”

“विचारत होता की. रोज. मीच पाच मिनिटं म्हणायचे.”

“मग आता? कळवणार आहेस त्याला?”

“काय कळवू? पाच मिनिटं झाली म्हणून?”

चादरीची घडी पुरी करून बहिणीनं ती हिच्या हातावर ठेवली आणि हात जरा जास्त वेळ तिथेच राहू दिला.

खरं तर त्याचा पत्ता शोधायला पाच मिनिटंही लागली नसती. मध्ये एकदा तिनं शोधला होता, तेव्हा त्याचा फोटो दिसला होता. कानांवर पांढरे झालेले केस, शेजारी बायको, पुढ्यात दोन मुली, चौघं कुठल्याशा तळ्याकाठी उभी. चांगली होती माणसं. त्या घराच्या दारात जाऊन अकरा वर्षांपूर्वीचं उत्तर देणारी बाई तिला व्हायचं नव्हतं. पण बुधवारचा अख्खा दिवस तिला तो हवा होता, एवढं मात्र खरं. तळ्याकाठचा तो सुखी माणूस नव्हे. हवा होता तो शेजारच्या टेबलावरचा, बाहीवर शाईचा डाग असलेला, वाक्य अर्ध्यावर सोडणारा, ज्याची खुर्ची सरकली की तिला पाठीत कळायचं. आता त्या टेबलाशी जो बसत होता त्याचे कान दिवसभर हेडफोनांत बंद असत. दोनदा तिनं त्या बाजूला मान वळवली. हे आधी कळलं असतं तर, असं एकदा मनात आलं, आणि लगेच तिनं स्वतःला पकडलं. आधीच कळलं होतं. तो खुर्चीमागे उभा राहून स्वच्छ सांगून गेला होता, मशीन बोलावेल, खिडकी बंद करून बघ. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्यानं बघितलं असतं. आणि तिकडे पाण्याकाठी एक अनोळखी बाई, जिला कोणी बोलावलं नव्हतं, ती नऊ वर्षं रोज उठून गेली होती. नोंदींच्या वेळा तिनं काढून बघितल्या. चार वाजून दोन मिनिटांनी पान उघडलं, चार वीसला नोंद झाली. दुसऱ्या दिवशी चार पाच, चार चोवीस. हजारो दिवस, आणि प्रत्येक दिवशी मध्ये अठरा-वीस मिनिटांचा खंड. ही नोंद उशिरा का होते म्हणून चार वर्षांपूर्वी तिनं स्वतः एक आठवडा घालवला होता आणि लाइन स्लो असल्याचं अनुमान काढून ते प्रकरण बंद केलं होतं.

बुधवारी संध्याकाळी तिनं ती ओळ नव्या कोडमध्ये लिहिली. जुनीच उचलून आणता आली असती, पण कन्सोलची अट आता निरर्थक होती. तिनं नवी लिहिली. केंद्र नव्व्याण्णव असेल आणि चार वाजून गेले असतील, तर. अक्षरांचे नंबर लिहायची आता गरज नव्हती, सरळ मराठीत लिहिलं. ओळीच्या शेवटी अर्धविराम देताना बोट क्षणभर थांबलं. नव्या कोडमध्ये तो दिला नाही तरी चालतं, कोणी देत नाही. तिनं दिला. सेव्ह केल्यावर ओळीशेजारी तिचं नाव आलं, आजची तारीख आली. शुक्रवारी जुनी फाइल निघून गेली की हे वाक्य विचारणारी तीच राहणार होती.

टीम लीडरनं गुरुवारी सकाळी ती ओळ तपासली आणि खुर्ची वळवली. “ताई, हे काय? एका केंद्रासाठी वेगळी ओळ? आणि अलर्ट? आता अलर्ट कोण वापरतं?”

“ग्राहकाची मागणी आहे. सतरावी तक्रार.”

“ते खरं होतं? मग मला का नाही सापडलं?”

“तू शब्द शोधलास. ते नंबरांत होतं.”

“पण ह्याचा उपयोग काय?”

“त्या बाई उठून चहा पितात,” ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मंजुरीचं बटण दाबलं. मग म्हणाला, “बरं, कोपऱ्यातला तो जुना डबा आज संध्याकाळी भंगारात जाणार. तुम्हाला त्यातलं काही हवं असेल तर काढून घ्या.”

जुना डबा म्हणजे ते मशीन, ज्यावर तो जुना ब्राउझर सांभाळून ठेवला होता. त्यावर कागद चिकटवलेला होता, ‘अपडेट करू नये’. अक्षर तिचंच, चिकटपट्टी पिवळी पडलेली. पावणेचारला ती त्याच्यासमोर बसली. पंखा घरघरत सुरू झाला, पडद्यावर ओळखीचा निळसर उजेड आला. जुन्या कोडचं पान तिनं उघडलं. बोटं सवयीनं कन्सोल उघडायला गेली आणि खिडकी उघडलीही. तिनं ती बंद केली. तळाची पट्टी गेली आणि पान एकदम मोठं, मोकळं आणि थोडं परकं दिसायला लागलं. लोकांना हे असं दिसत आलंय, तिच्या मनात आलं. केंद्राच्या जागी तिनं नव्व्याण्णव टाकलं. पाण्याचा आकडा काय टाकावा कळेना. मग त्या बाईंचा सकाळचा खरा आकडा टाकला. चार वाजून एक मिनिट होईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि मग बटण दाबलं.

चौकट आली. करडी, ओबडधोबड, कोपऱ्यात उद्गारचिन्हाचा पिवळा त्रिकोण. ‘चहा गार होतोय. येतेस का?’ खाली एकच बटण, ओके. नाही म्हणायची सोय त्या चौकटीत नव्हतीच. हे तिला चौदा वर्षं माहीत होतं आणि तरी आज पहिल्यांदा दिसल्यासारखं वाटलं. तिनं माउसवरचा हात काढून घेतला. खुर्ची मागे सरकली, तिचा आवाज झाला, शेजारच्या हेडफोनवाल्यानं वर बघितलं. ती जिना उतरून खाली गेली.

कँटीनमध्ये काकांच्या जागी त्यांची सून होती. टेबलं बदलली होती, खिडकीशेजारचं मात्र तिथेच होतं. तिनं एक चहा घेतला आणि त्या टेबलाशी बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. ती त्या खुर्चीकडे सरळ बघत राहिली, अकरा वर्षांत बघितलं नव्हतं तसं. कपातून वाफ निघत होती. तेवढ्यात फोन वाजला. टीम लीडर होता.

“ताई, भंगारवाला आलाय, पण हा डबा बंदच होईना. हँग झालाय. स्क्रीनवर काहीतरी आलंय मध्येच.”

“काय आलंय? वाच.”

त्यानं शाळेतल्यासारखं सपाट आवाजात वाचलं, “चहा गार होतोय. येतेस का?” मग स्वतःच जरा घुटमळला. “ओके दाबू?”

“दाबू नकोस,” ती म्हणाली. “मी आलेय खाली. झाला की येऊन मीच दाबते.”

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“बरं ताई,” तो म्हणाला. “थांबतो मग.”

तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला आणि कप तोंडाला लावला. चहा इतका गरम होता की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.